केळी उत्पादक गटाची साइट: सर्टिफिकेटच्या कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादक गटाचं काम आजपासून हातात घेतलं. साइट आधीपासून आहे. सभासद त्यात आपलं नाव, शेताचा गट नंबर, लागवडीचा हंगाम (मृगबाग की कांदेबाग), कापणीची तारीख भरतात आणि रोजचा भाव बघतात. आता मालाचे पैसे थेट खात्यात टाकायचे म्हणून सभासदांचे बँक खाते क्रमांकही साइटवरच घ्यायचे ठरलंय. सचिव भाऊंनी फॉर्म तयार करून ठेवला आहे.

पत्त्याच्या पट्टीत ब्राउझर 'सुरक्षित नाही' असं दाखवतो, आणि ते खरंच आहे. साइट साध्या एचटीटीपीवर चालते. सभासदाच्या फोनपासून आपल्या सर्व्हरपर्यंत सगळा मजकूर उघडा जातो. स्टँडवरच्या चहावाल्याचं वायफाय असो की गावातल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड, मधे बसलेल्या कुणालाही तो वाचता येतो. बदलताही येतो, आणि मला जास्त घोर त्याचाच आहे. नवतीला, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीला, काय भाव आणि वर फरक किती, हे साइटवर बघूनच आपला शेतकरी व्यापाऱ्याशी बोलतो. वाटेत कुणी क्विंटलमागे शंभर रुपये कमी दाखवले, तर तो कमी भावात घड कापून देईल. सर्व्हरवर आकडा बरोबरच असेल, त्यामुळे नंतर तपासूनही काही सापडणार नाही.

खाते क्रमांकाचा फॉर्म बंद ठेवायला सांगितलं. भाऊंना तो दसऱ्याआधी चालू हवाय. एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून नेणारी पद्धत, नीट बसल्याशिवाय मी तो उघडणार नाही, हेही आजच सांगून टाकलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

जुनी कागदपत्रं चाळली. आधीच्या कंत्राटदाराने दोन वर्षांपूर्वी एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट विकत घेतलं होतं. त्याची मुदत केव्हाच संपली. गटाच्या ईमेलमध्ये त्याची झिप फाइल सापडली आणि ती उघडून बसल्या जागी घाम फुटला. आत सर्टिफिकेटबरोबर प्रायव्हेट की, म्हणजे सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा होती. तीच झिप संचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरली आहे.

भाऊंना फोनवर समजावलं. सर्टिफिकेट लपवायची वस्तू नाही. साइट उघडणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हर ते स्वतःहून देतो. त्यात साइटचं नाव असतं, पब्लिक की असते, कधीपासून कधीपर्यंत चालेल ते असतं, आणि देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. त्याची नक्कल करून कुणाला काही साधत नाही, कारण त्या पब्लिक कीची जोडीदार प्रायव्हेट की फक्त खऱ्या सर्व्हरकडे असते. जोडणी होताना सर्व्हर त्या वेळच्या सगळ्या बोलण्यावर प्रायव्हेट कीने सही करतो, आणि ब्राउझर ती सर्टिफिकेटमधल्या पब्लिक कीने तपासतो. ती की दुसऱ्या कुणाकडे गेली, की तोही तशीच सही करू शकतो.

भाऊंना हे पटकन कळलं. टेंडर भरायला आणि रिटर्नला ते डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन वापरतात. त्यातलं सर्टिफिकेटही याच एक्स.५०९ साच्याचं असतं आणि की टोकनच्या बाहेर काढताच येत नाही. 'म्हणजे त्यांनी आमचं टोकन पिनसकट ग्रुपवर टाकलं म्हणा ना,' असं ते म्हणाले. अगदी तसंच.

जुन्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली असल्याने ते रद्द करून घ्यायची गरज नाही. नवी की सर्व्हरवरच तयार करायची, फाइल फक्त रूट युजरला (सर्व्हरच्या मुख्य खात्याला) वाचता येईल अशी ठेवायची, ती ईमेलवर जाणार नाही आणि पेनड्राइव्हवरही नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो, संचालक विचारतील. टीएलएस ही एचटीटीपीएसमागची कुलूपबंदीची पद्धत. तिच्या १.३ या आवृत्तीत मजकूर कुलूपबंद करायची की प्रत्येक जोडणीला नव्याने ठरते, डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने. सर्टिफिकेटची की फक्त सहीपुरती. त्यामुळे उद्या ती की चोरीला गेली, तरी आज कुणी टिपून ठेवलेली रहदारी तिच्या जोरावर उलगडत नाही. टीएलएस १.३ ऑगस्ट २०१८ पासून आहे. १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या, तरी आपल्या सर्व्हरवर दोन्ही चालू होत्या. आज बंद केल्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

संचालकांची बैठक. विषय एकच: सर्टिफिकेट विकतचं घ्यायचं की फुकटचं. एका विक्रेत्याने महागड्या ईव्ही सर्टिफिकेटचं (संस्थेचीही तपासणी करून देतात ते) कोटेशन देऊन ठेवलं होतं. सोबत हिरव्या पट्टीत कंपनीचं नाव दिसत असलेलं चित्र. ते चित्र जुनं आहे. क्रोमने ७७व्या आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०१९ पासून, पत्त्याच्या पट्टीत ते नाव दाखवणं बंद केलं. सभासदाला साधं डीव्ही (फक्त नावाचा ताबा तपासून देतात ते) आणि ईव्ही यांतला फरक दिसतच नाही, आणि आतलं कुलूप दोन्हीकडे तेवढंच पक्कं.

अध्यक्ष अण्णांचा प्रश्न योग्य होता: 'फुकट देणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?' उत्तर मी जरा सविस्तर दिलं. लेट्स एन्क्रिप्ट ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. डिसेंबर २०१५ पासून ती सर्वांसाठी खुली आहे. ब्राउझर कुणावर विश्वास ठेवतो, हे पैशावर ठरत नाही. ज्यांच्या मूळ सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा अशा संस्थांची यादी ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये आधीच भरलेली असते. यादीत राहायचं तर ऑडिट आणि नियम सगळ्यांना सारखेच. नियम मोडले की मोठ्या नावांनाही बाहेर जावं लागतं. सिमँटेकची सर्टिफिकेटं २०१८ मध्ये क्रोमने टप्प्याटप्प्याने नाकारली. एंट्रस्टची नवी सर्टिफिकेटं स्वीकारणं थांबवण्याचा निर्णय जून २०२४ मध्ये जाहीर झाला.

एका संचालकांनी विचारलं, सरकारी संस्थेचं का नको? डीएससी देणाऱ्या आपल्या संस्थांवर सीसीए हे सरकारी कार्यालय देखरेख करतं, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली, आणि टेंडरसाठी ती व्यवस्था ठीक आहे. वेबसाइटचं शास्त्र वेगळं. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या नावाने परवानगी नसलेली सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. ज्यांच्या सहीने ती निघाली ती मधली सर्टिफिकेटं सीसीएने लगेच रद्द केली, आणि त्यानंतर क्रोमने भारतीय मुळाखालची सर्टिफिकेटं ठरावीक भारतीय डोमेनपुरतीच मानायचं ठरवलं. यादीतली कोणतीही एक संस्था जगातल्या कोणत्याही नावाचं सर्टिफिकेट देऊ शकते, हा या सगळ्या रचनेतला जुना कमकुवतपणा. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून बैठकीतच सांगितला. त्यावरचा उपाय पुढच्या महिन्यात बसवायचा आहे.

ठराव फुकटच्या बाजूने झाला. वाचलेले पैसे सभासदांना एसएमएस पाठवायला वापरायचे, ही अण्णांची सूचना. मला ती फार आवडली.

१५ सप्टेंबर, सोमवार

सर्टिफिकेट मिळालं, पण दिवस खाऊन.

पद्धत सोपी आहे. सर्व्हरवरचा सर्टबॉट हा प्रोग्राम लेट्स एन्क्रिप्टला कळवतो की या नावाचं सर्टिफिकेट हवंय. तिकडून एक लांबलचक शब्द येतो. तो साइटच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल करून ठेवायचा. मग त्यांचे सर्व्हर पोर्ट ८० वरून, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारातून, ती फाइल मागतात. मिळाली, तर नाव तुमच्या ताब्यात आहे असं धरून सर्टिफिकेट सुटतं. माणूस कुठेच नाही. डीव्ही सर्टिफिकेट तुमच्याबद्दल एवढंच सांगतं: हे नाव सध्या याच्या ताब्यात आहे. गट नोंदणीकृत आहे का, अध्यक्ष कोण, व्यवहार चोख आहे का, यातलं काहीही तपासलेलं नसतं.

आपल्याकडे फाइल जागेवर होती. माझ्या फोनवरून उघडत होती, भाऊंच्या ऑफिसातून उघडत होती, जळगावच्या एका मित्राने उघडून पाहिली. तिकडून मात्र प्रत्येक वेळी 'वेळ संपली' असं उत्तर. ॲक्सेस लॉग पाहिला तर त्यांच्या विनंतीची ओळच नाही. म्हणजे ती सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती. होस्टिंगच्या फायरवॉलचे नियम मागवले आणि सापडलं: फक्त भारतातल्या आयपी पत्त्यांना आत सोडायचं, असा नियम कुणीतरी लावून ठेवला होता. आणि लेट्स एन्क्रिप्ट फेब्रुवारी २०२० पासून एकाच ठिकाणाहून तपासत नाही. जगात वेगवेगळ्या जाग्यांवरून एकाच वेळी विचारतं, म्हणजे एखाद्या टापूत कुणी नेटवर्कची वाट वळवली तरी त्याला खोटं सर्टिफिकेट मिळू नये. चांगली खबरदारी आहे, पण आपल्या फायरवॉलमुळे तीच आडवी आली.

पोर्ट ८० सगळ्यांना उघडं केलं. तिथे आता ही तपासणीची फाइल आणि एचटीटीपीएसकडे पाठवणारा निर्देश, एवढंच ठेवलं आहे. पुढच्याच विनंतीला सर्टिफिकेट आलं. मुदत ९० दिवस, १४ डिसेंबरपर्यंत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सगळं छान. दुपारी यावलच्या ताईंचा फोन आला: गटाचं अँड्रॉइड ॲप उघडतं, पण भाव येत नाही.

ओपनएसएसएल या तपासणीच्या साधनाने बाहेरून पाहिलं. 'पहिलं सर्टिफिकेट पडताळता आलं नाही.' या ओळीत निदान आहे. आपल्या सर्टिफिकेटवर सही असते मधल्या सर्टिफिकेटची, आणि मधल्यावर सही असते मूळ सर्टिफिकेटची. फोनमध्ये फक्त मूळ असतं, आपल्याबाबतीत लेट्स एन्क्रिप्टचं 'आयएसआरजी रूट एक्स१'. मधलं सर्टिफिकेट सर्व्हरनेच सोबत द्यायचं असतं. होस्टिंगच्या तयार साच्यात एकट्या सर्टिफिकेटची फाइल लावलेली होती, पूर्ण साखळीची नाही. कॉम्प्युटरवरचे ब्राउझर हरवलेली मधली कडी स्वतःच शोधून आणतात किंवा त्यांच्याकडे ती आधीच असते, म्हणून तिथे काही कळत नाही. ॲप तसं करत नाही. एनजिनएक्समध्ये, म्हणजे साइट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, पूर्ण साखळीच्या 'फुलचेन' फाइलचा रस्ता दिला, ताईंच्या फोनवर भाव आला.

यापुढे ब्राउझरमध्ये साइट दिसली म्हणजे काम झालं असं धरायचं नाही. साखळी बाहेरून तपासायची, दर बदलानंतर.

काही सभासदांचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये आयएसआरजीचं मूळ सर्टिफिकेटच नाही. जुन्या मुळाचा आधार घेऊन ते फोन बराच काळ चालले, पण ती सोय सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत काही सभासदांकडे असे हँडसेट अजून आहेत. फोन धडधाकट आहेत, फक्त विश्वासाची यादी जुनी. त्यांच्यासाठी साइट पुन्हा उघड्या एचटीटीपीवर आणणं हा उपाय नव्हे. त्यांना रोजचा भाव एसएमएसने जाईल. अण्णांनी वाचवलेले पैसे पहिल्यांदा इथेच लागतील.

२२ सप्टेंबर, सोमवार

एका गावच्या सेवा केंद्रातून तक्रार: साइट धोकादायक आहे असं लाल अक्षरात येतं. तिथेच गेलो. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तारीख २०१० सालची. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती, त्यामुळे दिवे गेले की घड्याळ मागे जायचं, आणि दिवे तर रोजच जातात. त्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने आपलं सर्टिफिकेट अजून सुरूच व्हायचं होतं. बाजारातून बॅटरी आणून बसवली.

चालवणारा मुलगा हुशार आहे. म्हणाला, 'दादा, आम्ही ॲडव्हान्स्डवर क्लिक करून पुढे जातो, सगळ्या साइटला तसंच करतो.' त्याच कॉम्प्युटरवर लोक पीक विमा भरतात, आधार आणि बँकेची कामं करतात. त्याला बाजूला बसवून समजावलं: ही सूचना आली की थांबायचं, आधी तारीख बघायची. तारीख बरोबर असूनही सूचना येत असेल, तर त्या साइटवर काहीही भरायचं नाही. त्याने ते कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

किरकोळ कामं. पानात अडकलेले एचटीटीपीचे दुवे बदलले, हवामानाची एक पट्टी त्यामुळे ब्राउझर अडवत होता. एचएसटीएस चालू केलं, म्हणजे एकदा येऊन गेलेला ब्राउझर पुढे स्वतःहूनच एचटीटीपीएसने येईल. मुदत आधी एका आठवड्याची ठेवली, सगळं सुरळीत दिसलं की वर्षाची करू.

खाते क्रमांकाचा फॉर्म उघडला. दसरा गुरुवारी आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

आजची नोंद मोठी होणार.

चोपड्याकडच्या एका वयस्कर सभासदांनी भाऊंना व्हॉट्सॲपवर आलेला निरोप दाखवला. 'भावफरकाची रक्कम जमा करायची आहे, खाते अपडेट करा', खाली दुवा. दुव्यातलं नाव आपल्यासारखंच, मधे एक आडवी रेघ जास्त. पान हुबेहूब आपलं, लोगोसकट. काकांनी खाते क्रमांक भरला नव्हता, आधी विचारायला आले. फोन पुढे करून म्हणाले, 'भाऊ, हाई कुलूप खरं शे का?'

कुलूप खरं होतं. मी त्या साइटचं सर्टिफिकेट उघडून पाहिलं. चालू मुदतीचं, साखळी पूर्ण, आपल्यासारखंच फुकटचं. त्या रेघवाल्या नावाचा ताबा ज्याच्याकडे होता त्याने ते रीतसर मिळवलं होतं. आणि त्यात खोटं काही नव्हतं: सर्टिफिकेट म्हणत होतं की तुम्ही या रेघवाल्या नावाशीच बोलताय आणि मधे कुणी ऐकत नाही. काका चोराशी बोलत होते, पण अगदी सुरक्षितपणे.

क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचं चिन्ह काढून दुसरं साधं चिन्ह आणलं, ते याच कारणाने. कुलूप दिसलं की लोक साइटच भरवशाची समजायचे. आपल्याकडे अजून बँकांच्या पत्रकांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत 'कुलूप बघा' हेच शिकवतात. ते अर्धंच शिकवणं आहे आणि अर्ध्यावर सोडलं तर घातक आहे. बघायचं ते नाव.

काकांसोबत आणखी चार-पाच सभासद होते. तिथेच ओट्यावर बसून शिकवलं. दोन तिरप्या रेघांनंतर सुरू करायचं, पुढची पहिली तिरपी रेघ आली की थांबायचं. एवढ्या तुकड्यात नाव उजवीकडून वाचायचं. शेवटी 'डॉट इन' आणि त्याच्या लगेच आधी आपलं नाव, अक्षर न् अक्षर तेच, तरच साइट आपली. आपलं नाव पुढे असेल आणि शेवटी भलतंच काही डॉट कॉम असेल, तर ती त्या भलत्याची. काकांनी स्वतःच्या फोनवर दोन्ही पत्ते वाचून रेघ बोटाने दाखवली. इंग्रजी अक्षरं त्यांना सावकाश लागतात, पण लागली.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने याच दिशेने पाऊल टाकलंय. सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'ने संपणाऱ्या नावावर जायचं आहे आणि ती नावं फक्त बँकांनाच मिळतात. हेही सांगितलं.

बनावट साइटची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर केली, डोमेन देणाऱ्या कंपनीला आणि होस्टिंगला पुराव्यासह कळवलं. कुणाचे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, असा निरोप सगळ्या सभासदांना पाठवला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

११ सप्टेंबरच्या बैठकीत बोललो होतो तो उपाय बसवला.

२०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसून कुणीतरी गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट काढलं आणि ते इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर वापरलं गेलं. हे उघड झाल्यावर महिन्याभरात संस्था दिवाळखोरीत गेली. त्यातून सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी आली: दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत चढवायचं, जिथून ते मागे घेता येत नाही. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेलं आणि नोंदवहीत नसलेलं सर्टिफिकेट क्रोम मानत नाही. म्हणजे आपल्या नावाने जगात कुठेही सर्टिफिकेट निघालं, तर ते आपल्याला दिसू शकतं. फक्त बघायला कुणीतरी हवं.

त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लावली. रोज सकाळी नोंदवह्यांत आपलं नाव आणि त्याच्यासारखी दिसणारी नावं शोधते, नवीन काही सापडलं तर भाऊंना आणि मला निरोप. रेघवालं नाव तिला लगेच सापडलं. सर्टिफिकेट काढल्याची तारीख व्हॉट्सॲपचा निरोप फिरायच्या तीन दिवस आधीची. ही स्क्रिप्ट तेव्हा असती तर निरोप निघायच्या आधी आपण सभासदांना सावध केलं असतं.

डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींत, सीएए नोंद घालायला गेलो. या नावाचं सर्टिफिकेट फक्त लेट्स एन्क्रिप्टने द्यावं, असं त्यातून सांगता येतं आणि सप्टेंबर २०१७ पासून सगळ्या संस्थांना ते पाहावंच लागतं. तिथे मोठी गोष्ट उघडी पडली. डोमेन गटाच्या नावावर नाहीच. ते आधीच्या कंत्राटदाराच्या खात्यात आहे, डीएनएससुद्धा. म्हणजे त्याने मनात आणलं तर तो आपल्या नावाचं खरंखुरं सर्टिफिकेट काढू शकतो, सभासदांना दुसऱ्या सर्व्हरवर नेऊ शकतो, आणि काकांना ओट्यावर शिकवलेली नावाची तपासणीही ते पकडणार नाही. त्याचा तसा इरादा आहे असं मी म्हणत नाही. पण सगळ्या विश्वासाचं मूळ ज्या नावात आहे, ते नाव गटाचं असलंच पाहिजे. अण्णांना आजच लेखी कळवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल पहिलं नूतनीकरण झालं. ३० दिवस उरले की सर्टबॉट आपण होऊन नवं सर्टिफिकेट आणतो. सर्व्हरवरची फाइल नवी, मुदत १२ फेब्रुवारी २०२६. बाहेरून पाहिलं तर मात्र जुनंच, १४ डिसेंबरचं. एनजिनएक्स सर्टिफिकेट सुरू होताना एकदाच वाचतो आणि स्मरणात ठेवतो. आपण वापरतो त्या वेबरूट पद्धतीत (फोल्डरमध्ये तपासणीची फाइल ठेवायची ती) सर्टबॉट सर्टिफिकेटची फाइल बदलतो, एनजिनएक्सला कळवत नाही. नूतनीकरण झालं की एनजिनएक्सने फायली पुन्हा वाचाव्यात, अशी आपोआप चालणारी आज्ञा (हुक) लावली. बाहेरची तपासणी रोज चालू आहे म्हणून हे महिनाभर आधी दिसलं.

मुदत संपत आल्याचं ईमेल लेट्स एन्क्रिप्टने ४ जून २०२५ पासून बंद केलं आहे, त्यामुळे पहारा आपलाच. शिवाय मुदती आखूड होत जाणार: जास्तीत जास्त मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. मला हे पटतं. की बाहेर गेली तर नुकसान तेवढ्याच दिवसांचं, आणि हाताने नूतनीकरण करायची सवय मोडते. गटात वर्षाकाठी एकदा करायचं काम विसरलं जातं, रोज आपोआप होणारं काम विसरायला कुणी नसतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डोमेनचा ताबा मिळाला. पत्रव्यवहार, नोंदणीची कागदपत्रं, शेवटी अण्णा स्वतः जाऊन बसले तेव्हा हस्तांतराचा कोड हातात पडला. डोमेन आता गटाच्या नावाने, गटाच्या ईमेलवर. खात्याला दोन पायऱ्यांचं लॉगिन, एक फोन भाऊंकडे, एक खजिनदार ताईंकडे. हस्तांतराला कुलूप घातलं. नूतनीकरणाचे पैसे पाच वर्षांचे भरले.

डीएनएस नव्या ठिकाणी हलवलं, जुन्या नोंदींमधून ज्यांचा उपयोग कळला नाही त्या एकेक विचारून काढल्या. सीएए नोंद घातली, सोबत आपल्या खात्याचा पत्ताही, म्हणजे लेट्स एन्क्रिप्टकडूनसुद्धा दुसऱ्या खात्याने मागितलं तर मिळणार नाही. मग सर्टबॉटची कोरडी चाचणी, म्हणजे खरं सर्टिफिकेट न घेता नूतनीकरणाची तालीम, घेतली. पास झाली.